तलफ आणि हात यांच्यातील अंतर कसे वाढवावे

नागपुरात ओळखीच्या पानठेल्यासमोर दुचाकी थांबली, की पुष्कळदा काही मागावेच लागत नाही. ठेलेवाला चेहरा पाहतो, पन्नीचा तुकडा पसरतो, त्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना टाकतो आणि "घोटू ना भाऊ?" असे विचारता विचारताच घोटायला लागतो. मी स्वतः बारा वर्षे हा खर्रा खात होतो. सोडण्याच्या काळात माझ्या लक्षात आले, की तोंडाला पाणी सुटत असे ते पन्नीचा तो चुरचुर आवाज ऐकल्यावर, खर्रा तोंडात जाण्याच्या बरेच आधी. इतकेच काय, शंकरनगर चौकात वळण घेताना, ठेला दिसण्यापूर्वीच, माझा डावा हात खिशातल्या सुट्या पैशांकडे गेलेला असे. मी तसे ठरवलेले नसे.

तलफ उठणे आणि हात पुढे जाणे यांच्यामध्ये जो थोडा अवकाश असतो, त्याला आपण व्यवहारात संयम म्हणतो. व्यसन जुने होते तसा हा अवकाश आकसत जातो, कारण मादक पदार्थ मेंदूच्या ज्या रसायनांमध्ये ढवळाढवळ करतात, त्याच रसायनांवर "घे" आणि "थांब" या दोन्ही आज्ञा चालतात. सकाळी केलेला निश्चय संध्याकाळी मोडणाऱ्या माणसाला घरचे निर्लज्ज म्हणतात तेव्हा त्यांचा राग समजण्यासारखा असतो, परंतु निदान चुकलेले असते. हा अवकाश पुन्हा रुंद कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो व्यसन सोडू पाहणाऱ्यासाठी आहे आणि त्याच्या घरच्यांसाठीही. मात्र दारू, झोपेच्या गोळ्या आणि ब्राउन शुगर (हेरॉइनचा एक प्रकार) यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे आणि त्यामुळे उपायही चुकतात. वोल्फ्राम शुल्ट्झ या चेताशास्त्रज्ञाने माकडांवर जे प्रयोग केले आणि ज्यांचा अर्थ १९९७ साली पीटर दायन व रीड मॉंटेग्यू यांच्यासह लिहिलेल्या लेखात मांडला, त्यांतून वेगळेच चित्र दिसले. माकडाला खूण दाखवली, की थोड्या वेळाने फळाचा रस मिळे. सुरुवातीला रस मिळताच डोपामिन सोडणाऱ्या पेशी चेतत. पण खुणेनंतर रस येतो हे माकडाला उमगल्यावर त्या पेशी खूण दिसताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी शांत राहू लागल्या. खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली घसरे. पन्नीचा आवाज ही माझी खूण होती, आणि ठेला बंद दिसला की दिवसभर घरच्यांवर निघणारी चिडचिड ही ती घसरण.

रसाच्या बाबतीत एक सोय असते. रस अपेक्षेइतकाच आला, तर मेंदू "यात नवे काही नाही" असे मानून शांत होतो. मादक पदार्थ ही सोय मोडतात, कारण ते अपेक्षेचा हिशेब न पाहता रासायनिक बळाने डोपामिन वाढवतात आणि प्रत्येक वेळी "हे अपेक्षेपेक्षा जास्त आहे" असा खोटा निरोप पोहोचवत राहतात. त्यामुळे खुणेची ओढ वाढत जाते, पदार्थाची गोडी मात्र वाढत नाही. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे, की हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही जुन्या खर्रेबाजाला विचारून पाहावे. "आता मजा काहीच येत नाही, पण सुटत नाही ना भाऊ," हेच उत्तर मिळेल.

पदार्थांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. तंबाखूतील निकोटिन ऍसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या पेशींवरील जागांवर, बसते. विडी-सिगारेटच्या धुरातून ते १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत जाते, तर खर्ऱ्यातून ते गालाच्या आतील अस्तरातून हळू शोषले जाते आणि चुन्याचा क्षार हे शोषण सोपे करतो. सुपारीतील अरेकोलिन हेही स्वतंत्रपणे मेंदूवर काम करते, म्हणून तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणे ही सुटका नव्हे. ब्राउन शुगरसारखे अफूवर्गीय पदार्थ डोपामिनच्या पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींनाच गप्प करतात. कोकेन डोपामिन परत शोषले जाण्याची वाट अडवते, आणि एमडी या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन ते पेशींतून बाहेर ढकलते. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबाचा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. वाटा कितीही असल्या, तरी सगळ्या शेवटी मेंदूच्या खोलवरच्या त्याच मोबदल्याच्या केंद्रापाशी येऊन मिळतात.

दुसरी बाजू ब्रेकची. कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग परिणामांचा विचार करतो आणि हात आवरतो. हा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते, म्हणून सोळाव्या वर्षी सुरू झालेले व्यसन तिसाव्या वर्षी सुरू झालेल्या व्यसनापेक्षा सहसा जास्त घट्ट बसते. नोरा वोल्कोव यांच्या आणि इतरांच्या मेंदूचित्रणाच्या अभ्यासांत दीर्घकाळ व्यसन असलेल्या व्यक्तींमध्ये डोपामिनचे डी-२ जातीचे ग्राही कमी आढळले, आणि त्याबरोबर या पुढच्या भागाची क्रियाशीलताही मंदावलेली दिसली. एकीकडे ॲक्सिलरेटर अडकलेला आणि दुसरीकडे ब्रेक गुळगुळीत झालेला, अशी ही गाडी असते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहेत. आवेगाचे दोन प्रकार असतात. पहिल्यात हात थांबत नाही: चौकात वळताना खिशाकडे गेलेला माझा हात हे त्याचे उदाहरण. दुसऱ्यात वाट पाहवत नाही: महिनाअखेरचे पाच हजार हातात येणार हे ठाऊक असूनही आजच्या पाचशेसाठी माणूस मोबाइल गहाण टाकतो. दुसऱ्या प्रकारात भविष्यातील लाभाची किंमत मेंदूत फार वेगाने उतरते, आणि हेरॉइन, दारू व तंबाखू यांच्या आहारी गेलेल्यांमध्ये ही उतरण इतरांपेक्षा तीव्र असल्याचे वारंवार दिसले आहे.

मग माणूस मुळात उतावळा होता म्हणून व्यसनी झाला, की व्यसनाने उतावळा झाला? दोन्ही खरे आहे. केंब्रिजमध्ये २००७ साली झालेल्या एका अभ्यासात, कोकेनचा कणही न दिलेल्या उंदरांपैकी जे मुळात उतावळे होते, त्यांच्यात डी-२ व डी-३ ग्राही आधीपासूनच कमी होते, आणि पुढे कोकेन उपलब्ध झाल्यावर तेच ते जास्त घेऊ लागले. उलट दिशेचा पुरावा मला जास्त बोलका वाटतो, कारण त्यात व्यसनच नाही. कंपवाताच्या रुग्णांना डोपामिनची नक्कल करणारी औषधे देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात, ही औषधे घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के रुग्णांत जुगार, बेसुमार खरेदी, अधाशी खाणे किंवा लैंगिक आवेग यांपैकी काहीतरी आढळले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.९ टक्के होते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला गृहस्थ गोळीमुळे जुगारी होऊ शकतो, हे ज्याला पटले, तो व्यसनी माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवताना निदान एकदा थबकेल. घरात कोणाला ही औषधे चालू असतील आणि असा बदल दिसत असेल, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

पहिला आठवडा फक्त नोंदींचा

सोडण्याआधी एक आठवडा काहीही न सोडता केवळ नोंद ठेवावी. प्रत्येक वेळी तलफ आली की चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, जागा, सोबत कोण होते आणि शेवटचे जेवण कधी झाले. भावना लिहीत बसू नये, त्या लिहायला माणसे कंटाळतात आणि वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. आठ दिवसांनी वही उघडली, की बहुतेकांना दिसते की दिवसभरातल्या पंधरा तलफांपैकी दहा-बारा त्याच तीन-चार ठिकाणी येतात. माझ्या वहीत जेवणानंतरची दहा मिनिटे, दुपारी चारचा चहा आणि घरी परतण्याचा रस्ता यांनीच पाने भरली होती.

ही ठिकाणे महत्त्वाची का, याचा मोठा दाखला व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा आहे. ली रॉबिन्स यांच्या पाहणीत असे आढळले, की तेथे हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. याची कारणे अनेक असतील, पण खुणांनी भरलेला मुलूख मागे राहिला, हे त्यांतले एक ठळक कारण मानले जाते. आपल्याला नागपूर सोडता येत नाही. रस्ता मात्र बदलता येतो.

हात थांबवण्याचे उपाय

पहिल्या प्रकारच्या आवेगाशी वाद घालून उपयोग नसतो, कारण विचार पोहोचेपर्यंत हात पोहोचलेला असतो. त्याच्या वाटेत अडथळे उभे करावे लागतात. घर, गाडीची डिक्की, कामाच्या टेबलाचा खण येथे पुडी किंवा बाटली ठेवूच नये; "असू द्या, घेणार नाही" हे वाक्य तलफेने उच्चारलेले असते. येण्याजाण्याचा रस्ता निदान सहा आठवडे बदलावा, मग तो दोन किलोमीटर लांबचा का असेना. पूर्वी खिशात सुटे नसले तर ठेल्यावर जरा अडचण होई आणि तेवढ्यात एखादा विचार डोके वर काढी. आता ठेल्यावर क्यूआर कोड टांगलेला असतो आणि तलफ ते खरेदी हे अंतर चार सेकंदांवर आले आहे. म्हणून सोडण्याच्या काळात फोनमधले पैसे पाठवण्याचे ॲप काढून टाकावे, किंवा ते ज्या खात्याशी जोडलेले आहे त्यात शंभर-दोनशेपेक्षा जास्त ठेवू नयेत. हा उपाय क्षुल्लक वाटतो. पण मी ज्यांना सांगितला, त्यांच्याकडून सर्वांत जास्त दाद यालाच मिळाली आहे.

त्यापुढचा उपाय म्हणजे "अमुक झाले तर तमुक करीन" अशा आधीच ठरवून ठेवलेल्या जोड्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवले, की नुसत्या निश्चयापेक्षा अशी नेमकी योजना जास्त वेळा पार पडते, कारण निर्णय आधी झालेला असतो आणि ऐन वेळी दमलेल्या ब्रेकवर भार पडत नाही. "मी आता खाणार नाही" ही शपथ झाली. "जेवण झाले की लगेच उठून दात घासीन आणि तोंडात लवंग ठेवीन" ही योजना झाली. अशा तीन जोड्या पुरेत. दहा केल्या तर एकही आठवत नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावलेल्या शपथांबद्दल माझे मत चांगले नाही. शपथ शांत डोक्याने घेतली जाते, मोडते ती तलफेच्या भरात, आणि मोडल्यावर उरतो तो अपराधीपणा, जो स्वतःच पुढच्या तलफेची खूण बनतो.

एवढे करूनही तलफ येईलच. तेव्हा तिला दाबू नये आणि तिच्याशी भांडूही नये. ॲलन मार्लाट यांनी तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली: ती चढते, शिखरावर जाते आणि ओसरते; आपण फक्त वर तरंगत राहायचे. तंबाखूची तलफ बहुधा काही मिनिटांतच उतरू लागते. घड्याळ लावून पंधरा मिनिटे काढावीत. या वेळात जागा बदलावी, पाणी प्यावे, चालावे आणि तलफ शरीरात नेमकी कुठे जाणवते, जबड्यात, घशात की छातीत, तिकडे लक्ष द्यावे. पंधरा मिनिटांनंतरही हवेच असेल, तर आणखी पंधरा. पहिल्या दोन-तीन वेळा हे असह्य वाटते. पण प्रत्येक वेळी खूण येऊन पदार्थ आला नाही, की मेंदू थोडे थोडे नवे शिकत असतो.

वाट पाहता यावी म्हणून

दुसऱ्या प्रकारच्या आवेगाला दूरच्या लाभांची भाषा कळत नाही. "तीस वर्षांनी कर्करोग होईल" हे खरे असले, तरी तीस वर्षे त्या मेंदूला दिसत नाहीत. म्हणून लाभ जवळ आणावा. खर्ऱ्यावर रोज जाणारे पैसे संध्याकाळी एका डब्यात टाकावेत आणि रविवारी ते मोजून त्याच दिवशी खर्च करावेत: मुलांसाठी संत्राबर्फी किंवा स्वतःसाठी काहीतरी. छोटे, हमखास आणि लगेच मिळणारे बक्षीस हे उत्तेजक पदार्थांच्या व्यसनात प्रभावी ठरलेल्या उपचारांपैकी एक आहे, हे अनेकांना पटत नाही, कारण मोठ्या माणसाला बक्षीस काय द्यायचे, असा आपला संस्कार असतो.

भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत ब्रेक आणखी ढिला पडतो. त्यांपैकी भूक आणि झोप एवढ्या दोनच गोष्टी आपल्या हातात असतात, पण त्यांनी बरेच काम होते. वेळेवर जेवावे आणि जागरण टाळावे. सोडण्याचा दिवसही जरा विचाराने निवडावा. गुढीपाडवा चालेल, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर निवडू नये. त्या दिवशी एकीकडे मारबतीची, म्हणजे वाईट शक्तींच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि दुसरीकडे अर्ध्या मोहल्ल्याच्या हातात ग्लास आणि पत्ते असतात.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. निकोटिन सोडल्यावरचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच उतरतो. मात्र खुणेने जागी होणारी ओढ काही काळ कमी होण्याऐवजी वाढू शकते. कोकेनवरील प्राण्यांच्या प्रयोगांत ते स्पष्ट दिसले आहे. "महिना झाला, आता जिंकलो" असे म्हणून जुन्या ठेल्यावर नुसते उभे राहायला जाणारे येथेच घसरतात.

जेथे एकट्याने करू नये

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद करू नये. दारूच्या दाबाखाली मेंदूने आपला चेतवणारा भाग वाढवून ठेवलेला असतो. दाब अचानक गेला, की काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. सकाळी "उतारा" घेतल्याशिवाय ज्याचा हात स्थिर होत नाही, त्याला थेट डॉक्टरांकडेच न्यावे. झोपेच्या गोळ्यांचेही असेच आहे. ब्राउन शुगरमध्ये धोका उलट बाजूने येतो: काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीच्याच प्रमाणात पुन्हा घेतल्यास श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो.

"रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती आजही छापून येतात. माझ्या नात्यातल्या एका घरी अशी पूड वरणातून दिली जात होती. तिच्यात काय होते ते कोणालाही माहीत नव्हते. एके रात्री त्या गृहस्थांना छातीत धडधड, उलट्या आणि चेहऱ्यावर लाली आली, तेव्हा डॉक्टरांनी डायसल्फिरामचा संशय व्यक्त केला. हे औषध वैद्यकात खरोखर वापरले जाते, पण रुग्णाला सांगून आणि तपासण्या करून. त्याच्यावर दारू पडली तर जीव धोक्यात येतो, आणि ज्याला माहीतच नाही तो दारू टाळणार कशी? नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, ब्युप्रेनॉर्फिन, निकोटिनचा च्युइंगम अशी औषधे आज आहेत आणि ती तलफेची धार कमी करतात. ती घेणे म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे लावणे नव्हे.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स येथे मानसोपचार विभाग आहेत आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची, १४४१६ ही टेलिमानस या मानसिक आरोग्यसेवेची आणि १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची निःशुल्क राष्ट्रीय सेवा आहे. पोलिसांच्या भीतीने एमडी किंवा गांजा घेणाऱ्या मुलाला घरात दडवून ठेवणाऱ्या पालकांनी अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ वकिलाकडून समजून घ्यावे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद त्यात आहे, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

घसरल्यावर

घसरण झाली, तर त्या रात्री घरच्यांनी काही बोलू नये. नशेत किंवा तलफेत असलेल्या माणसाशी केलेला वाद ऐकणारा मेंदूचा भाग त्या वेळी हजर नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, एकच प्रश्न विचारावा: "काल नेमके कुठे आणि किती वाजता झाले?" असे का केलेस, हा प्रश्न टाळावा, त्याचे उत्तर त्याच्याकडेही नसते.

माझी घसरण आठ महिन्यांनी झाली, उमरेडला एका लग्नात. वहीत नोंद आहे: रात्री ११.४०, मांडवामागे, सोबत शाळेतला मित्र, शेवटचे जेवण सकाळी दहाला. मित्राला मी दोष देत होतो, पण बायकोने वही पाहून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. तेव्हापासून कोणाच्याही लग्नात मी पहिल्याच पंगतीला बसतो आणि वरपक्षाचे लोक माझ्याकडे बघून हसतात.